जुनं पान, काळी शाई आणि माझी एक राहिलेली नोंद



मे महिन्याच्या शेवटी ठाण्याहून नात आठ दिवस राहायला आली होती. श्रुतपंचमी तोंडावर आलेली, म्हणून मी पुस्तकांचं कपाट उघडून बसले होते. आपलं दरवर्षीचं काम. शास्त्राची पुस्तकं उतरवायची, मऊ कापडानं पुसायची, कसर लागलीय का बघायचं, फाटलेली वेष्टनं बदलायची. तेवढ्यात नात म्हणाली, "आजी, मला एक जुनं पुस्तक दे ना. पानं फाडून काळी करायची आहेत."

माझ्या हातातलं फडकं हातातच राहिलं. आपल्या घरांत पुस्तकाला चुकून पाय लागला तर आपण पुस्तक कपाळाला लावतो. माझ्या सासूबाई तर वर्तमानपत्रावरही पाय देऊ द्यायच्या नाहीत. आणि ही म्हणते फाडायचं, वर काळं करायचं!

मी रागावणार हे ओळखून तिनं मोबाईलवर चित्रं दाखवली. छापील पुस्तकाचं एक पान. त्यातले आठ-दहा शब्द सोडून बाकी सगळं काळ्या शाईनं झाकलेलं. उरलेले शब्द वरून खाली वाचले की छोटी कविता होते. याला म्हणतात ब्लॅकआउट पोएट्री. शब्द आपण लिहायचे नाहीत, छापलेल्यातून निवडायचे. उरलेल्या पानांचे तुकडे कापून चित्र करायचं, ते कोलाज. शाळा उघडल्यावर तिला दोन्ही न्यायचं होतं.

मग मीही थोडं वाचलं. टॉम फिलिप्स नावाच्या इंग्लंडमधल्या चित्रकारानं 1966 साली लंडनमध्ये जुन्या सामानाच्या दुकानातून तीन पेन्सला एक कादंबरी घेतली. मॅलॉक नावाच्या लेखकाची, 1892 सालची, कोणी वाचत नसलेली. तिच्या पानापानावर तो रंग भरत, शब्द झाकत गेला, आणि एकाच पुस्तकावर त्यानं पन्नास वर्षं काम केलं. अमेरिकेतल्या ऑस्टिन क्लिऑननं वर्तमानपत्रावर मार्कर फिरवून केलेल्या कवितांचं पुस्तक 2010 मध्ये आलं, तेव्हापासून शाळाशाळांत हे सुरू झालं. कोलाजच्या बाबतीत मला आवडली ती मेरी डिलेनी. अठराव्या शतकातल्या या बाईनं नवऱ्याच्या मागे, वयाच्या बहात्तरीच्या सुमारास, रंगीत कागद कापून फुलं करायला घेतली. डोळे अधू होईपर्यंत, दहा वर्षांत, तिनं साडेनऊशेच्या वर फुलं केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. म्हणजे आपलं वय काही फार झालेलं नाही!

आणि शब्द झाकणं आपल्याकडे तरी कुठे नवं आहे? पोथ्या हातानं लिहायच्या काळात लेखनिकाचं अक्षर चुकलं की तो त्यावर हरताळ लावायचा. हरताळ म्हणजे एक पिवळं खनिज. त्याचा लेप वाळला की वर बरोबर अक्षर लिहायचं. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो तो तिथला. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक वाचणाऱ्याला विनवतो, की हिला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, ढिल्या बांधणीपासून जपा. एका हातानं झाकणारा तोच आणि जपा म्हणणाराही तोच. हे लक्षात आल्यावर मी नातीला म्हटलं, "कर, पण कुठलं पुस्तक ते मी ठरवीन."

आमच्या घरापुरते मी चार नियम केले. तुम्हाला पटले तर बघा.

पहिला, जिनवाणीला कात्री नाही. शास्त्र, स्तोत्रं, पूजापाठाची पुस्तकं, तीर्थंकरांचं चित्र किंवा णमोकार मंत्र छापलेल्या पत्रिका, यातलं काहीही नाही. दुसऱ्या कुठल्याही धर्माचा ग्रंथही नाही. जीर्ण झाले तर असे कागद मंदिरात विचारून द्यावेत.

दुसरा, जे पुस्तक अजून कोणी वाचू शकेल ते कापायचं नाही. आपल्या भागात द्यायला जागा आहेत. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीनं पुस्तकांचं आदान-प्रदान भरवलं, तेव्हा लोक पिशव्या भरभरून पुस्तकं घेऊन गेले होते. फार जुनं मराठी पुस्तक असेल तर आधी ग्रंथालयात विचारावं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 सालचं. आपल्याला रद्दी वाटते ते कदाचित त्यांना हवं असेल.

तिसरा, हातानं लिहिलेलं काही कापायचं नाही. आईची पाककृतींची वही, वडिलांची पत्रं वापरायचीच तर झेरॉक्स काढून.

चौथा, यातून गळून जे उरेल तेच कापायचं.

असं गाळता गाळता हाताला लागलं माझंच पुस्तक. बी.कॉम.चं पुस्तपालन. मी 1981 साली सांगलीला पदवीधर झाले. त्यानंतर कायदे बदलले, कर बदलले, हिशेब संगणकावर गेले. त्या पुस्तकाचा आज कोणालाही उपयोग नाही. तरी लग्नानंतर तीन घरं बदलली तेव्हा तिन्ही वेळा मी ते बरोबर घेऊन आले. नातीनं विचारलं, "तू यातलं कधी काही केलंस का?" मी म्हटलं, "घरखर्चाची वही चाळीस वर्षं लिहिली. एकदाही रुपयाचा फरक नाही." ती हसली.

करायची पद्धत सांगते. पुस्तक आधी सावलीत, गॅलरीत हलकेच झटकायचं आणि मऊ कुंच्यानं पानं झाडायची, म्हणजे आत कसर, झुरळ असेल तर इजा न होता बाहेर जाईल. जुना कागद पिवळा आणि ठिसूळ झालेला असतो, म्हणून पान आधी जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचं. मग लगेच मार्कर घ्यायचा नाही. पूर्ण पान वाचायचं, मनात अडकलेल्या एका शब्दाला पेन्सिलनं चौकट करायची आणि त्याच्या वरखाली जोडीचे शब्द शोधायचे. अर्थ लागला की मगच शाई.

चिकटवायला सरस नको, तो जनावरांच्या हाडा-कातड्याचा असतो. मैद्याची खळ चालते. एक चमचा मैदा पाच-सहा चमचे गार पाण्यात कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायची. त्या दिवशी लागेल तेवढीच करायची, शिळी ठेवली की जीवोत्पत्ती होते. पावसाळ्यात खळीला बुरशी धरते, तेव्हा फेविकॉल बरा. ब्रश नायलॉनचा मागून घ्यावा, कारण चित्रकलेचे पुष्कळ ब्रश प्राण्यांच्या केसांचे असतात. वरून चकाकी आणायला शेलॅक लावतात तेही टाळावं, ती लाख किड्यांपासून मिळते.

मराठीत एक गंमत आहे. आपले प्रत्यय शब्दाला चिकटलेले असतात. 'घराचे' मधलं 'चे' झाकलं की 'घर' उरत नाही, 'घरा' उरतं. जणू घराला हाक मारली. 'यंत्राची' मधून 'यंत्रा'. सुरुवातीला अडल्यासारखं होतं, मग त्यातच गोडी वाटते. घसाऱ्याच्या धड्यातून मला सापडलेली पहिली ओळ अशी:

यंत्र
दरवर्षी थोडे
झिजते
वापरात आहे

नातीला फार आवडली. मी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं आणि दोघी खूप हसलो.

आठवड्यानं माझी लेक तिला न्यायला आली. दिवसभर ऑफिस करून दमलेली. चहा घेता घेता टेबलावर पडलेलं एक पान तिनं उचललं. खतावणीचा नमुना होता, उभ्या-आडव्या रेघांचा. पेन्सिल न लावता तिनं सरळ कात्री चालवली. रेघा पंखाच्या दिशेनं येतील असे तुकडे कापले आणि दहा मिनिटांत पुठ्ठ्यावर एक बुलबुल बसला. तुरा, शेपटी, मान वळवलेली. नात बघतच राहिली.

"आई, तुला हे येतं?"

"यायचं कधीतरी," लेक म्हणाली आणि कप विसळायला उठली.

मैत्रिणींनो, तेरा वर्षांच्या मुलीला आपल्या आईला चित्र काढता येतं हे माहीत नव्हतं. का माहीत नव्हतं, ते मला माहीत होतं. लेकीला शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत ए ग्रेड होती. दहावीनंतर ती म्हणाली होती, बारावी करते आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टची प्रवेश परीक्षा देते. मीच नको म्हटलं. हे काही बोलले नव्हते, निर्णय माझा होता. "चित्रं काढून पोट भरत नाही. कॉमर्स कर, पायावर उभी राहशील." ती राहिलीही पायावर उभी. चांगली नोकरी आहे, चांगलं घर आहे. माझा हिशेब जुळला, असं मी वीस वर्षं समजत होते.

ती दोघी गेल्यावर मी पुस्तक पुन्हा उघडलं. 'चुकांची दुरुस्ती' हा धडा निघाला. तुमच्यात कोणी कॉमर्सवाल्या असतील तर आठवेल. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असं नसतं. नोंद करायचीच राहिली, किंवा रक्कम भलत्याच खात्यावर गेली, तरी तेरीज जुळते. आणि चूक सापडली तर खाडाखोड करायची नाही, हरताळ तर नाहीच. ज्या दिवशी सापडेल त्या दिवशी दुरुस्तीची वेगळी नोंद करायची, म्हणजे आधीची चूक आणि नंतरची दुरुस्ती, दोन्ही वहीत दिसतात. मी शब्दांना चौकटी करत गेले.

तेरीज जुळते
तरी चूक
राहते
सापडेल
त्या दिवशी
नोंद करावी

बाकीचं पान काळं केलं आणि कपाटात ठेवून दिलं. लेकीला दाखवायचा धीर झाला नाही.

भाद्रपदात दशलक्षण आलं. आपल्याकडे रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात, त्याप्रमाणे सहाव्या दिवशी सहावा अध्याय होता. ज्ञानावरण कर्म कशानं बांधलं जातं ते त्यात येतं. ज्ञान लपवणं, मत्सर करणं, दुसऱ्याच्या ज्ञानात अंतराय आणणं, त्याचा अनादर करणं. किती वर्षं ऐकते आहे. माझ्या डोक्यात 'आशातना' म्हटलं की पुस्तकाला पाय लागणं, पान फाटणं एवढंच यायचं. त्या दिवशी मंदिरात बसल्या बसल्या 'अंतराय' या शब्दापाशी मी थांबले. श्रुतपंचमीच्या तोंडावर मी एका मुदत संपलेल्या पुस्तकासाठी एवढी घाबरले होते. आणि माझ्या हातून अंतराय झाला तो पुस्तकाच्या बाबतीत नव्हता. माझ्याच मुलीच्या हातातली विद्या मी झाकून टाकली होती, आणि ती इतकी झाकली की तिच्या मुलीलाही दिसली नाही.

क्षमावाणीला आपण सगळ्यांना 'उत्तम क्षमा' म्हणतो. कळत नकळत काही झालं असेल तर क्षमा. या वर्षी मी ठाण्याला गेले, लेकीच्या हातात ते पान दिलं आणि नाव घेऊन क्षमा मागितली. "जे. जे. ला मी जाऊ दिलं नाही, त्याची क्षमा कर." 'तुझ्या भल्यासाठी' हे शब्द तोंडावर आले होते, ते गिळले.

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे गं आई. ती तसं म्हणाली नाही. पान वाचून म्हणाली, "हो, तुझं चुकलं होतं. मी रंगपेटी शेजारच्या मुलाला देऊन टाकली होती. तू विचारलंही नाहीस कुठे गेली." मला खरंच आठवत नव्हतं. थोडा वेळ दोघी गप्प बसलो. मग तिनं विचारलं, "त्या पुस्तकाची किती पानं उरलीत?"

साडेतीनशेच्या वर आहेत. आता महिन्यातून एखाद्या रविवारी ती डोंबिवलीला येते. मी शब्द शोधते, ती पक्षी कापते, नात दोघींच्या चुका काढते. गेलेली वर्षं यानं भरून येत नाहीत, ते मला कळतं.

तुमच्या माळ्यावरही असं एखादं पुस्तक असेल. कात्री लावायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ते खाली काढाल तेव्हा लेकीला, सुनेला एकदा विचारा, तुला काय करायचं होतं गं?

जय जिनेंद्र.