पैसा पॉइंट, रुपया पॉइंट

मंडळी, निवृत्त मास्तर पत्त्यांवर लिहायला लागला म्हणून भुवया उंचावू नका. लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्या माणसाला गणपतीची जागरणं आणि रमी वेगवेगळी आठवतच नाहीत.

लंडनला असलेल्या भाच्याने परवा फोनवर विचारलं, "मामा, पोकरच्या लहान टेबलावर चार महिने जिंकतोय. मोठ्यावर जाऊ का?" (इथे असता तर फोनवरच्या खेळापुरता प्रश्नच मिटला असता. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने 2025 मध्ये बंदीचा कायदा केला. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये म्हटलं होतं. नव्या कायद्याने तो भेदच ठेवला नाही.) पोकर मला येत नाही, पण प्रश्न ओळखीचा निघाला. आमच्याकडे तो "पॉइंट वाढवायचा का?" असा असायचा.

हिशेब साधा आहे. तेरा पानी रमीत पूर्ण हात अंगावर आला की 80 पॉइंट. पाच पैसे पॉइंट असेल तर चार रुपये गेले. रुपया पॉइंट असेल तर 80. रात्रीत असे दहा डाव पडले, की 40 रुपयांचे 800 होतात. पत्ते तेच, अक्कल तेवढीच, धडधड मात्र वीसपट! मग 20 पॉइंट देऊन पहिल्याच फेरीत सुटायचं सोडून माणूस जोकरची वाट बघत बसतो.

आमच्यातले एक काका, गिरणीत जॉबर, हिशेबाची वही ठेवायचे. त्यांचे नियम तीन. एक-दोन रात्रींच्या जिंकण्यावर जायचं नाही, वहीची पानं भरू द्यायची. वाढीव पॉइंट जिंकलेल्या पैशातून खेळायचा, पगारातून नाही. आणि ते पैसे संपले की मुकाट्याने खालच्या पॉइंटवर यायचं, त्यात लाज नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या गणपतीत घराघरात पगार बंद होता. हरत आलेला एकजण म्हणाला, "रुपया पॉइंट करू, एका रात्रीत उधारी फिटेल." काकांनी पत्ते गोळा करून डब्यात ठेवले. म्हणाले, "ज्याला पैशाची गरज आहे त्याने पॉइंट वाढवायचा नसतो." त्या वर्षी आम्ही नुसत्या गप्पा मारून जागरण केलं.

युधिष्ठिराचं दुसरं काय झालं? प्रत्येक पण आधीच्यापेक्षा मोठा, आणि तोही हरत असताना. मटक्यात तर वहीचाही उपयोग नव्हता. दहा आकड्यांतला एक लागायचा, रुपयाला नऊ मिळायचे. तिथे रक्कम वाढवणं म्हणजे लवकर बुडणं, एवढंच.

भाच्याला मी काकांचे तिन्ही नियम सांगितले. चौथा माझा, मास्तरकीतला. चौथीत पहिला येणारा पाचवीत येईलच असं नाही, कारण पाचवीत इतर शाळांतले पहिलेही येऊन बसतात. मोठ्या टेबलावर कोण बसलंय ते आधी चार दिवस नुसतं बघ.

"आणि वही?" मी विचारलं.

"ठेवली नाहीये, मामा."

"मग चार महिने जिंकतोयस, हे तुला कोणी सांगितलं?"

तिकडून बराच वेळ उत्तर आलं नाही. रविवारी त्याचा मेसेज आला: वही घेतली. असो, सुरुवात तर झाली.