एका भुंग्याची पहिली नोंद

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी लिहाव्यात असा प्रघात आहे. आम्ही वसतिगृहातील माजी विद्यार्थी मात्र एका भुंग्याविषयी लिहिणार आहोत. श्रमदानाच्या तासाला मैदानाच्या कडेचे गाजरगवत उपटताना जो आमच्या मनगटावर चढत असे, तोच हा भुंगा. लांबी जेमतेम ६ मिलिमीटर, पाठ मळकट पांढरी आणि तिच्यावर तपकिरी, नागमोडी, उभ्या रेघा. गावोगावी त्यास ‘मेक्सिकन भुंगा’ म्हणतात. शास्त्रातील त्याचे नाव झायगोग्रामा बायकोलोराटा.

भारतात हा कीटक रीतसर कागदपत्रांनिशी आला. १९५०च्या दशकात पुण्यात नजरेस आलेले गाजरगवत पाहता पाहता देशभर पसरले. माणसांना खाज व दमा, जनावरांना अपाय आणि शेताला तण, असा त्याचा जाच सुरू झाला. तेव्हा या गवताच्या मूळ प्रदेशातून, मेक्सिकोतून, १९८३ साली हा भुंगा बंगळूरला आणण्यात आला. तो अन्य पिके खातो काय, याची बंदिस्त जागेत परीक्षा झाली आणि १९८४ साली त्यास मोकळ्या रानात सोडण्यात आले. पुढे तो सूर्यफुलाची पाने खातो अशी तक्रार आली. चौकशी झाली, सोडणे काही काळ थांबले. सूर्यफुलाच्या पानांवर पडलेल्या गाजरगवताच्या परागकणांमुळे तो तिकडे वळतो, असे संशोधकांनी प्रयोगाने दाखविले. थोडक्यात, त्याच्या आगमनाची तारीख, कारण आणि त्याच्यावरील आक्षेप, सारे लिहिलेले आहे.

नेपाळात तसे घडले नाही. ज्या देशात लुंबिनी आहे, त्या देशात या भुंग्यास कोणी निमंत्रण दिले नव्हते. गाजरगवत सीमा ओलांडून गेले आणि त्याच्या पाठोपाठ भुंगाही गेला. ऑगस्ट २००९ मध्ये हेटौडा येथे अभ्यासकांना तो गाजरगवताची पाने कुरतडताना आढळला आणि पुढील वर्षी ती नोंद प्रसिद्ध झाली. पाकिस्तानातही तो असाच न बोलावता पोहोचला. तेथील पहिली नोंद लाहोरजवळच्या छांगा मांगा वनातील आहे.

एखाद्या देशाच्या प्राणिसृष्टीत नव्या जातीची पहिली नोंद होते म्हणजे काय होते? कोणीतरी थांबून पाहतो. कीटकाचा नमुना घेतो, रेघा, शृंगिका आणि पाय निरखतो, ओळखीच्या जातींशी ताडून पाहतो, जाणकाराकडून खात्री करून घेतो. मग नमुन्याला एक इवलीशी चिठ्ठी जोडली जाते. तिच्यावर स्थळ, दिनांक आणि गोळा करणाऱ्याचे नाव असते. चिठ्ठीवाचून नमुन्यास फारसे मोल नाही.

तथापि त्या चिठ्ठीवरचा दिनांक हा आगमनाचा दिनांक नव्हे. हा भुंगा कोरडे महिने जमिनीखाली निपचित पडून काढतो आणि पावसाबरोबर वर येतो. नोंद होण्यापूर्वीचे किती पावसाळे त्याने तेथे काढले असतील, कोण सांगणार? गवत कापणाऱ्या एखाद्या बाईच्या हातावर तो आधीच चढला असेल. चिठ्ठी इतकेच सांगते की, या दिवशी, या ठिकाणी कोणीतरी त्याच्याकडे नीट पाहिले आणि लिहून ठेवले.

हे वाचताना आम्हांस आपल्या शाळेचे जनरल रजिस्टर आठवते. आमच्यापैकी कित्येकांच्या घराण्यात शाळेच्या रजिस्टरात चढलेले पहिले नाव आमचेच होते. जन्मतारीख विचारली की आई सांगे, ‘दुष्काळाच्या सालचा, पेरणीच्या आधीचा.’ गुरुजी लिहीत, १ जून. त्यामुळे एकाच खोलीतील आम्हां अनेकांचा वाढदिवस एकाच दिवशी येई आणि त्याचे आम्हांस हसू येई. वडिलांचा अंगठा उमटे, शाई वाळे आणि नोंद पूर्ण होई. तीच पुढे दाखला झाली, शिष्यवृत्ती झाली, नोकरीच्या अर्जावरील पहिली ओळ झाली.

आमच्या आज्या-आजोबांची अशी नोंद कोठेही नाही. त्यांनी विहिरी खणल्या, रस्ते केले, दुसऱ्यांची शेते पिकविली. कागदावर नसल्यामुळे ते नव्हते, असे म्हणता येईल काय? हेटौड्याचा भुंगाही नोंद होण्यापूर्वी पाने खातच होता. परंतु नोंद झाल्यावर तो कोठवर पसरला, कोठे नाही, गवतावर त्याचा किती परिणाम होतो, हे प्रश्न विचारता आले. नाव लिहिले गेले की त्या नावाविषयी प्रश्न विचारता येतात, हक्क सांगता येतो. आमच्या आईवडिलांनी आम्हांस एवढ्या दूर वसतिगृहात ठेवले, ते बहुधा याचसाठी.

म्हणून शाळेस आमची एक विनंती आहे. विज्ञानकक्षात एक जाड वही ठेवावी. आवारात आढळणारा प्रत्येक कीटक, पक्षी आणि वनस्पती मुलांनी तीत लिहावी. स्थळ, दिनांक, पाहणाऱ्याचे नाव आणि जमल्यास चित्र. नाव ठाऊक नसेल तर रंग आणि रेघा लिहाव्यात. नाव मागाहून सापडेल. कीटक मारण्याचे कारण नाही. सकाळी ज्या मुखाने पाणातिपाताचे शील घेतले, त्याच मुलाने दुपारी भुंगा तळहातावर घेऊन निरखावा आणि पुन्हा पानावर सोडावा. देशातील पहिली नोंद आपल्या आवारात होईल किंवा होणारही नाही. शाळेच्या आवारातील पहिली नोंद मात्र रोज होऊ शकेल.

त्या वहीचा आणि पेन्सिलींचा खर्च आमच्या तुकडीने उचलला आहे. पहिले पान आम्ही कोरे ठेवले आहे. मैदानाच्या कडेला, पहिल्या पावसानंतर, गाजरगवत अजून उगवते.