शेपटाकडून शब्दाकडे

स्क्रॅबल खेळणारा नवशिका आधी शब्द शोधतो, मुरलेला खेळाडू शेपूट शोधतो. रॅकवर सात ठोकळे मांडले की माझा हात आपसूक आय, एन, जी उचलून उजव्या टोकाला नेतो. ते नसतील तर ई-आर, ई-डी किंवा आय-ई-आर. शेपूट बाजूला निघालं की जुळवायला चार-पाचच अक्षरं उरतात. सातही ठोकळे एका खेळीत लावले तर ५० गुण वर मिळतात. त्यामुळे या सवयीला कुणी नावं ठेवत नाही.

मी मात्र ठेवतो. ए, ई, जी, आय, एन, आर, टी ही अक्षरं घ्या. आय-एन-जी वेगळं काढलं की ‘टेअरिंग’ लगेच दिसतो आणि मन तिथेच बसकण मारतं. त्याच सात अक्षरांत ग्रॅनाइट दडलेला असतो आणि कृतघ्न माणसाला म्हणतात तो ‘इनग्रेट’ही. पटावर एस मोकळा असेल तर टेअरिंग कुचकामी, कारण त्याला एस लागत नाही. ग्रॅनाइटला लागतो. तोच एस शेवटून दुसरा घेतला तर ‘अँग्रिएस्ट’ होतो. हा शब्द आय-एन-जीच्या गाठोड्यातून कधीच दिसला नसता, कारण त्यात ती तिन्ही अक्षरं त्या क्रमाने एकत्र येतच नाहीत. म्हणून हल्ली मी शेपूट लावतो, शब्द सापडला तरी ते मोडतो, आणि पुन्हा बघतो. घड्याळ चालू असताना हे जिवावर येतं.

पिशवीचा हिशेबही ठेवावा लागतो. १०० ठोकळ्यांत जी फक्त ३. दोन पटावर गेले आणि तिसरा आपल्याकडे नसला, तर आय-एन जपून ठेवणं हा निव्वळ भाबडेपणा. एस ४ आहेत, आणि ते मुद्दाम. खेळाचे जनक आल्फ्रेड बट्स हे अमेरिकेतले वास्तुविशारद. मंदीच्या काळात काम सुटल्यावर त्यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून ठोकळ्यांची संख्या ठरवली. एस जास्त दिले असते तर जो तो अनेकवचनांवरच गुजराण करत बसला असता.

खरी डोकेदुखी आयची. ते ९ आहेत, आणि इंग्रजीला शब्द आयवर संपवणं रुचत नाही; तिथे ती वाय बसवते. आयवर संपणारे बहुतेक शब्द बाहेरून आलेले, आणि इथे आपली चंगळ. रोटी, पुरी, धोती, बिंदी, भजी, इडली. दोन-तीन आय हातात साचले की परदेशी खेळाडू ठोकळे बदलायचा विचार करतो. आपण जेवणाचं ताट आठवायचं. बासमती सात अक्षरांचा, चपातीही सात अक्षरांची. पटावरच्या रंगीत घरांचे गुण सोडले तरी चपातीचे १४ आणि वरचे ५० मिळून ६४ होतात. शिवाय साहेबाने तिची स्पेलिंगं इतकी करून ठेवलीत, की टी दोन आले किंवा पहिल्या ए-ऐवजी यू आला तरी पंचाईत होत नाही. पुणेकरांनी मनाला लावून घेऊ नये, पण पोळी स्क्रॅबलच्या मान्य शब्दांच्या यादीत नाही. घरच्या शब्दांवर फाजील विश्वास टाकला की समोरचा आव्हान देतो, शब्द उचलावा लागतो आणि पाळीही जाते.

आयवर संपणारे शब्द आता बऱ्यापैकी पाठ आहेत. सध्या यूची यादी चालू आहे. मेन्यू, टोफू, एमू. यू पिशवीत चारच, पण नेमके दोन एकदम रॅकवर येतात, आणि तेव्हा दोन टी हाताशी असले तर बॅलेच्या नर्तकीचा झगा कामाला येतो: टुटू. गुण जेमतेम चार, पण दोन्ही यू गेले.