पाचच्या घंटेनंतर

मुलींच्या ज्या शाळेला वसतिगृह जोडलेले असते, तिथे पाचची घंटा झाली की एकाच वर्गातून दोन वाटा फुटतात. डे स्कॉलर मुली फाटकाकडे धावतात. तिथे सायकली असतात, रिक्षा असतात, कुणाचे बाबा स्कूटर घेऊन उभे असतात, कुणाची आजी सावलीला बसलेली असते. बोर्डर मुली मात्र दप्तर खांद्याला लावून शाळेच्या मागच्या अंगाने चालू लागतात. घर गाठायचे नसते, त्यामुळे त्या चालण्यात घाई नसते. मी या दुसऱ्या वाटेची. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला वडिलांनी मला जिल्ह्याच्या गावी, एका खासगी संस्थेच्या मुलींच्या शाळेत आणून घातले. सोबत पत्र्याची ट्रंक, वळकटी, तांब्या-भांडे आणि आईने बांधून दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा.

सुरुवातीला सगळ्याच रडतात. आमच्या रेक्टरबाईंना ते ठाऊक होते, आणि त्या कुणाला गप्प करायला जात नसत. दिवे मालवले की हातात बॅटरी घेऊन एक फेरी मारायच्या. ज्या खाटेवर हुंदका ऐकू येई, तिच्या कडेला घटकाभर बसायच्या आणि काही न बोलता उठून पुढे जायच्या. समजूत घालणारी माणसे मला पुढे पुष्कळ भेटली, पण नुसते शेजारी बसून धीर देता येतो हे मी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिले.

सकाळी पाचला घंटा. बंबापाशी बादल्यांची रांग, दोरीवर पिळून टाकलेले गणवेश, आणि मग सहाच्या सुमाराला मागच्या व्हरांड्याच्या पायऱ्यांवर वेण्यांची आगगाडी. ही गाडी जिने पाहिली नाही तिला बोर्डिंग कळले असे मी म्हणणार नाही. खालच्या पायरीवर एक, तिच्या वरच्या पायरीवर दुसरी, तिच्या वर तिसरी. प्रत्येकीने पुढच्या मुलीचे केस विंचरून दोन घट्ट वेण्या घालायच्या, वर दुमडायच्या, रिबिनीची फुले बांधायची. सगळ्यांत खाली बसलेलीचे हात रिकामे असत आणि सगळ्यांत वर बसलेलीची पाठ. म्हणून आपल्या वेण्या झाल्या की खालची उठायची आणि सगळ्यांत वर जाऊन बसायची. हा नियम कुणी भिंतीवर लिहिलेला नव्हता. आदल्या दिवशी भांडलेल्या दोघी पुढे-मागे आल्या की केस जरा जास्तच ओढले जात. ‘आई गं’ म्हणून एक ओरडे, दुसरी हसे, आणि पुष्कळदा भांडण तिथेच मिटे. भांडण चालू ठेवायचे तरी किती? दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पायऱ्या.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. आमटी पातळ असायची, आठवड्यातून दोनदा मटकीची उसळ, शनिवारी खिचडी. भूक लागलेली असायची आणि पानात काही उरत नसे. घरून आलेला डबा ट्रंकेत कुलपात ठेवायची मुभा होती, पण कुलूप लावणारी मुलगी फार दिवस एकटी कुलूप लावून राहत नाही. लाडू निम्मे झाले की ती स्वतःच डबा खोलीच्या मध्ये आणून ठेवते.

मला सांगायचे आहे ते संध्याकाळच्या अभ्यासाबद्दल. प्रार्थना झाली की सात ते नऊ अभ्यासिका. लांबच लांब बाके, वर कुरकुरणारा पंखा, कोपऱ्यात स्वेटर विणत बसलेल्या मेट्रनबाई. घरी पुस्तक उघडले की, ‘दुधाकडे बघ गं जरा’, ‘धाकट्याला घे’, ‘पाहुणे आलेत, पाणी दे’, असे चालायचे. आईला मी दोष देत नाही; तिला तरी मदतीला दुसरे कोण होते? पण भाऊ पुस्तक घेऊन बसला की त्याला कुणी उठवत नसे, हेही तितकेच खरे. अभ्यासिकेत बसल्यावर एका संध्याकाळी माझ्या ध्यानात आले की आता नऊपर्यंत मला कुणीही हाक मारणार नाही. हे दोन तास कुणाच्या उपकाराचे नाहीत, माझे आहेत. भूमितीचे प्रमेय मला त्या वर्षी समजू लागले. बुद्धी आधीही तेवढीच होती, तिला सलग वेळ मिळाला होता.

हा वेळ आपल्याकडच्या मुलींना सहजासहजी मिळालेला नाही. पुण्यात 1884 साली न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित यांनी महाराष्ट्र गर्ल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे मुलींचे हायस्कूल काढले. पेशव्यांची घोडी जिथे बांधली जात त्या जागी शाळा भरू लागली, म्हणून तिला सगळे हुजूरपागा म्हणू लागले. आज ती लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत उभी आहे. त्या काळी अशा हायस्कुलाची मागणी करणेच मोठे धाडसाचे होते. न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानड्यांनी त्यासाठी भरसभेत, गव्हर्नरांसमोर इंग्रजीत लिहिलेले वाचून दाखवले, आणि घरी आल्यावर घरातल्याच बायकांची बोलणी खाल्ली. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकात ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ‘केसरी’नेही शाळेच्या अभ्यासक्रमावर टीका केली, आणि वेळेवरसुद्धा. मुलींना अकरा ते पाच शाळेत बसवून ठेवले तर घरकामाचे काय, असा आक्षेप होता.

तो आक्षेप मला निव्वळ जुनाट म्हणून बाजूला सारवत नाही, कारण त्यात मुलीच्या वेळावर मालकी कुणाची हा प्रश्न उघडाच पडला आहे. डे स्कॉलर मुलीचा वेळ शाळा आणि घर या दोघांत वाटला जाई, अजूनही वाटला जातो. पाच वाजता शाळा सुटली की तिची दुसरी पाळी सुरू होते. वसतिगृहातल्या मुलीला मात्र पाचनंतर घराची हाक पोचत नाही. तिला स्वतःचे कपडे धुवायचे असतात, खोली झाडायची असते, पाळी आली की वाढायला उभे राहायचे असते. पण ती कामे तिच्या वाट्याची असतात आणि ती संपतात. घरकाम संपत नाही, हे कुठल्याही बाईला विचारावे.

म्हणूनच मुलींच्या शिक्षणाच्या आपल्या इतिहासात राहण्याच्या सोयीला मी फार मान देते. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, ते राहून शिकण्यासाठीच. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी. पुढे 1893 साली त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, सर्वांच्या बाया कर्वे झाल्या. अण्णा कर्व्यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला, तो 1900 साली पुण्याजवळ हिंगण्याला एका झोपडीत नेला. फर्ग्युसन कॉलेजात शिकवून संध्याकाळी ते पायी हिंगण्याला जात, पावसाळ्यात चिखल तुडवीत. साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातली पोरे उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. ते बोर्डिंग मुलांचे होते. तरीही लेकरांना राहण्या-जेवण्याची जागा दिल्याशिवाय शिकवता येत नाही, हे त्या बाईला जितके कळले होते तितके फार थोड्यांना कळले असेल.

पण वसतिगृह मुलीला वेळ देते तसे तिचे घरही काढून घेते. हे बोर्डिंगात राहिलेल्या बायका फारसे बोलत नाहीत. पहिल्यांदा पाळी येते तेव्हा आई जवळ नसते. आमच्याकडे ते काम वरच्या वर्गातल्या ताया करीत. कपाटातून कापड काढून देत, पोट शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून देत, आणि ‘यात काही नाही गं, झोप’ म्हणत. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले की आपल्या माघारी घर पुढे सरकलेले असते. गाय विकलेली असते, धाकटा बोलायला लागलेला असतो. निघताना आई एसटीच्या खिडकीशी उभी राहून तीच ती सूचना पुन्हा सांगते. गाडी हलल्यावर आपल्याला कळते की आता आपण दोन ठिकाणच्या झालो.

ही पोकळी भरून निघते ती फाटकाकडे धावणाऱ्या मुलींमुळे. माझी बाकावरची मैत्रीण डे स्कॉलर होती. रेक्टरबाईंकडून चिठ्ठी घेऊन ती मला रविवारी तिच्या घरी न्यायची. वाड्याच्या दिंडीतूनच फोडणीचा वास यायचा. काकू मला आपादमस्तक न्याहाळत आणि म्हणत, ‘काय गं, पुन्हा वाळलीस की! बस आधी पाटावर.’ गरम भात, वर घरचे तूप, लिंबाची फोड. मग दुपारी त्यांच्या माडीवर जुनी मासिके वाचत लोळायचे. मैत्रिणीचे वडील वकील होते. ते सहज विचारायचे, ‘पुढे काय करायचंय तुला?’ आमच्या गावात हा प्रश्न मुलीला कुणी विचारत नसे. तिथल्या मोठ्या माणसांचा प्रश्न ठरलेला असे आणि तो वडिलांना असे: ‘हिचं कधी उरकताय?’

इरावती कर्व्यांची गोष्ट मला या रविवारांमुळे फार जवळची वाटते. त्यांचा जन्म 1905 साली ब्रह्मदेशात म्यिंज्यान इथे झाला. वडील करमरकर तिथे नोकरीला होते, आणि मुलीला नाव दिले ते तिथल्या नदीचे. सात वर्षांची असताना त्यांना शिकायला पुण्याला, हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठवले. सात वर्षांची मुलगी, आणि आईवडील समुद्रापलीकडे. त्याच शाळेत शकुंतला परांजपे होत्या, फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांची मुलगी. दोघींची मैत्री जमली, इरावतीबाईंचे परांजप्यांकडे जाणे-येणे सुरू झाले, आणि पुढे त्या घरातच, त्या घरच्या दुसऱ्या मुलीसारख्या वाढल्या. त्या घरात पुस्तके होती, वादविवाद होते. मुलीने पुढे शिकायचे यात तिथे कुणाला नवल वाटत नव्हते. पुढे इरावतीबाईंनी बर्लिनला जाऊन डॉक्टरेट मिळवली, समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांत आपल्याकडे पायाभरणीचे काम केले, ‘युगान्त’ लिहिले आणि त्याला 1968 सालचे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. शकुंतलाबाई केंब्रिजला गणित शिकल्या आणि कुटुंबनियोजनाच्या प्रसाराला त्यांनी आयुष्य दिले.

इरावतीबाईंच्या विद्वत्तेचे श्रेय मी कुणा एका घराला देणार नाही. ती त्यांची स्वतःची. पण ब्रह्मदेशातून मुलीला एकटी पाठवणारे आईवडील, तिला ठेवून घेणारी शाळा आणि तिच्यासाठी दार उघडणारे मैत्रिणीचे घर, या तिन्हींवाचून ते आयुष्य तसे घडले असते असे मला वाटत नाही. आपण पहिल्या दोघांना थोडेफार लक्षात ठेवतो. तिसऱ्याची नोंद बहुधा कुठेच होत नाही.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. एसटीने मुलींना मोफत पास दिले आहेत. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या खेड्यांतून मुलींना हायस्कुलात आणून सोडतात. 2004 साली सुरू झालेल्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांत मागास तालुक्यांतल्या मुली राहून शिकतात. तरीही आमच्या भागात फिरताना मला आठवी-नववीतून घरी बसलेल्या मुली भेटतात. कारण विचारले की कुणी गरिबी असे सांगत नाही. ‘शाळा लांब आहे, पोरीची जात, रात्रीबेरात्री कोण आणायला जाणार?’ हे उत्तर येते. वसतिगृह सुचवले तर आई म्हणते, ‘तिथं तिला आपलं असं कोण आहे?’ या प्रश्नाला इमारत बांधून उत्तर देता येत नाही. त्याला माणूसच लागते.

तुमच्या गावात मुलींची अशी एखादी शाळा असेल, तुमची लेक तिथे डे स्कॉलर म्हणून जात असेल, तर तिला एवढेच विचारा की तुझ्या वर्गात बोर्डिंगातली कोण आहे. रेक्टरबाईंना जाऊन भेटा. त्या मुलीच्या आईवडिलांशी फोनवर बोला, शाळेची रीतसर परवानगी घ्या, आणि तिला रविवारी जेवायला बोलवा. हल्ली नियम कडक झाले आहेत, ते मुलींच्या भल्यासाठीच आहेत. बाहेर पाठवता येत नाही असे रेक्टरबाई म्हणाल्या, तर डबा घेऊन तुम्हीच तिथे जा आणि तिच्या पंक्तीला बसा. जेवता जेवता तिला पुढे काय व्हायचे आहे ते विचारा. आणि पुढच्या रविवारी पुन्हा जा.