परमुलखातला हंगाम

भारतीय फुटबॉलमध्ये परदेशी खेळाडूंचा खरा काळ सुरू झाला तो विद्यार्थ्यांपासून. इराणचे मजीद बिस्कर, जमशीद नासिरी आणि महमूद खबाजी हे तिघे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकत होते. १९८० मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगालने त्यांना आपल्याकडे घेतले. त्यांतला मजीद १९७८ च्या विश्वचषकासाठी निवडलेल्या इराणच्या संघात होता. त्या दर्जाचा खेळाडू कोलकात्याच्या मैदानाने आपला म्हणून तोवर पाहिलेला नव्हता. पुढे नायजेरियाचा चिमा ओकोरी, तोही शिकायलाच आलेला, १९८५ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंगकडून खेळू लागला. मोहन बागानने परदेशी खेळाडू न घेण्याचा बाणा १९९१ पर्यंत जपला आणि अखेर तो सोडला, चिमासाठीच. वसतिगृहात राहणारी, परीक्षा देणारी ही मुले होती. पोटासाठी फुटबॉल खेळायला थेट मायदेशातून निघून येणारा परदेशी खेळाडू मोठ्या संख्येने दिसू लागला तो देशव्यापी लीग आल्यावर.

ती लीग १९९६ मध्ये ‘राष्ट्रीय फुटबॉल लीग’ या नावाने आली. २००७ मध्ये तिची ‘आय-लीग’ झाली आणि २०१४ मध्ये ‘इंडियन सुपर लीग’ उभी राहिली. या वाटचालीत कोलकात्याला खरी टक्कर दिली ती गोव्याने. धेंपो, चर्चिल ब्रदर्स, साळगावकर, स्पोर्टिंग या क्लबांनी नायजेरिया, घाना आणि ब्राझीलकडे पाहिले. धेंपोचा रँटी मार्टिन्स २००४ ते २०१२ अशी सलग आठ वर्षे गोव्यात खेळला आणि त्या काळात धेंपोने देशाचे विजेतेपद पाच वेळा मिळवले. चर्चिलच्या ओडाफा ओकोलीने बचावफळ्यांची झोप उडवली. मुंबईत महिंद्रा युनायटेडने २००५–०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली लीग जिंकली, तेव्हा घानाचा युसुफ याकुबू त्यांच्या आक्रमणात होता. पुण्याच्या पुणे एफसीकडून २०१२–१३ मध्ये जेम्स मोगा खेळला. नव्याने स्वतंत्र झालेल्या दक्षिण सुदानच्या २०१२ मधल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात गोल करणारा हा माणूस. एका कोवळ्या राष्ट्राच्या इतिहासातले पान बालेवाडीच्या मैदानावर खेळून गेले, आणि पुण्यातल्या थोड्यांनाच त्याची जाणीव होती. सुपर लीगबरोबर नावाजलेली मंडळीही आली: मुंबई सिटीत निकोला अनेल्का, पुढे दिएगो फोर्लान, पुण्यात दाविद त्रेझेगे. त्यांच्या नावांवर तिकिटे खपली. देशातल्या लीग फुटबॉलचा भार मात्र वाहिला तो रँटी, याकुबू यांच्यासारख्यांनी, ज्यांची नावे त्यांच्या मायदेशातही फारशी ठाऊक नसतील.

परदेशी खेळाडूच्या नोंदणीची रीत ठरलेली आहे. जुन्या देशाच्या महासंघाकडून आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र यावे लागते. ‘फिफा’ने २०१० पासून ही देवाणघेवाण संगणकीय प्रणालीवर सक्तीची केली. क्लबचा करार, रोजगाराचा व्हिसा, मध्यस्थ एजंट, विमानाचे तिकीट, राहण्याची सोय असे सारे जुळल्यावर खेळाडू येतो. करार बहुधा एका हंगामाचा, फार तर दोन. पायाला इजा झाली किंवा चार-सहा सामने गोल झाला नाही, तर जानेवारीतच दुसरा खेळाडू त्याच्या जागी उभा राहतो.

असे हंगामी काम फुटबॉलपुरतेच नाही. बीड जिल्ह्याला व्यावसायिक फुटबॉलचा वारा लागलेला नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत धावला, जिल्ह्याचे नाव जगभर गेले, पण ते धावण्यात. तरीही हंगामापुरते परमुलखात जाणे म्हणजे काय, हे बीडइतके खोलवर क्वचितच कुठे कळत असेल. दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि गाळप संपेपर्यंत मुक्काम कोपीत. यांतल्या कितीतरी टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे उतरतात. त्याच महिन्यांत कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम भरात असतो. छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ भिडतात, पेठाच्या पेठा मैदानावर लोटतात, आणि गेल्या काही वर्षांत या संघांच्या जर्सीत नायजेरियाचे खेळाडूही दिसले आहेत. एकाच जिल्ह्यात, एकाच हिवाळ्यात, बीडचा तोडणी कामगार आणि आफ्रिकेतला फुटबॉलपटू दोघेही हंगाम करायला आलेले असतात.

हे साम्य ताणू नये. फुटबॉलपटूला मासिक पगार आणि पक्के घर मिळते. ऊसतोड कामगार टनावर मोजला जातो, उचल फेडता फेडता पोरांची शाळा बुडते. दोघांच्या कमाईत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण अंगमेहनतीवर चालणारे, वयाने मर्यादित, मध्यस्थाच्या हातून मिळणारे आणि हंगामाबरोबर संपणारे काम हा सांगाडा दोन्हीकडे एकच. खेळाडूच्या कौतुकात हा सांगाडा दडून जातो. म्हणून परदेशी खेळाडूकडे केवळ ‘आयात’ म्हणून पाहणे अपुरे वाटते. तो आधी कामगार आहे.

हे संकटात उघड होते. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपोचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने मोहन बागानविरुद्ध दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. धेंपोने त्याची दहा क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली आणि त्याच मोसमात लीग जिंकली. मैदानावरच्या वैद्यकीय सोयींबद्दल देशात गंभीरपणे बोलले गेले ते या मृत्यूनंतर. एका माणसाचा जीव जावा लागला, याची बोच राहतेच.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा केरळमध्ये खेळायला आलेला घानाचा एक तरुण खेळाडू परतीच्या विमानासाठी मुंबईत पोहोचला होता. विमाने बंद झाली आणि त्याने सत्तरहून अधिक दिवस मुंबई विमानतळाच्या आवारात काढले. तिथल्या कर्मचाऱ्यांनी त्याला जगवले. जूनमध्ये बातमी बाहेर आल्यावर राज्यातल्या युवा नेत्यांनी त्याची हॉटेलात सोय केली. नेमक्या त्याच काळात बीडचे ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या तळांवर अडकून पडले होते. गाळप संपलेले, गावाकडचा रस्ता बंद. एप्रिलच्या मध्यावर शासनाने त्यांना परतायची मुभा दिली. २०२५ मध्ये पुन्हा निराळा पेच आला: सुपर लीगच्या व्यावसायिक हक्कांचा करार पुढे सरकेना, हंगाम बेमुदत लांबला, आणि करार असूनही मैदान नसलेले अनेक परदेशी खेळाडू क्लब सोडून गेले.

या खेळाडूंमुळे भारतीय फुटबॉलचे भले झाले की नुकसान, हा वाद जुना आहे. परदेशी खेळाडूंच्या संख्येला नेहमीच मर्यादा राहिली. सुपर लीगच्या सुरुवातीला एकावेळी सहा परदेशी मैदानात उतरत. २०१७–१८ पासून पाच आणि २०२१–२२ पासून चार. तरीही खरी अडचण संख्येपेक्षा जागेची आहे. क्लब परदेशी माणूस आणतात तो आघाडीसाठी आणि मधल्या बचावासाठी, म्हणजे सामना जिथे जिंकला किंवा गमावला जातो तिथे. सुपर लीगच्या पहिल्या अकरा मोसमांत सर्वाधिक गोलांचा मान प्रत्येक वेळी परदेशी खेळाडूकडेच गेला. आय-लीगमध्ये २०१३–१४ साली सुनील छेत्रीने १४ गोल करून या मानात वाटा मिळवला, तोही दोन परदेशी खेळाडूंच्या बरोबरीने. भारतीय मुलगा बगलेवर धावतो, चेंडू आत टाकतो, गोल दुसरा करतो. राष्ट्रीय संघ उतरतो तेव्हा तो दुसरा नसतो. छेत्रीनंतर गोल कोण करणार, हा प्रश्न वर्षानुवर्षे तसाच राहिला त्याचे एक मोठे कारण इथे आहे.

मात्र दोष येणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. रँटीसारख्या आघाडीपटूला आठवड्यामागून आठवडे रोखताना गोव्याचे बचावपटू घडले. ब्राझीलचा होजे रामिरेझ बार्रेतो १९९९ मध्ये मोहन बागानकडे आला, महिंद्रासाठीही खेळला, आणि निवृत्तीनंतर रिलायन्स फाउंडेशनच्या नवी मुंबईतल्या अकादमीत मुलांना शिकवू लागला. गोल करायला शिकवणाऱ्या शाळा देशात कमी आहेत; ती उणीव क्लबांची आणि महासंघाची आहे, पोटासाठी आलेल्या पाहुण्याची नव्हे.

काही जण राहिले. जमशीद नासिरी कोलकात्यात स्थायिक झाला. त्याचा मुलगा कियान २९ जानेवारी २०२२ रोजी गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर बदली खेळाडू म्हणून उतरला आणि मोहन बागानकडून ईस्ट बंगालविरुद्ध, म्हणजे बापाच्या जुन्या क्लबविरुद्ध, तीन गोल करून गेला. देशासाठी खेळायचे तर वाट अरुंद आहे: भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, आणि केंद्राच्या २००८ च्या धोरणानुसार भारतीय पारपत्र असल्याशिवाय राष्ट्रीय संघात जागा नाही. जपानी आई आणि गुजराती वडिलांच्या पोटी जपानमध्ये जन्मलेला आराता इझुमी महिंद्रा आणि पुणे एफसीकडून खेळला, जपानी नागरिकत्व सोडून भारतीय झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून उतरला. २०२५ मध्ये बेंगळुरू एफसीच्या, ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सनेही आपले नागरिकत्व सोडून भारतीय नागरिकत्व घेतले. त्याच्या आईचा जन्म मुंबईचा.