खाज म्हणजे अस्वच्छता नव्हे

चि. केतकी हिस,


तुझा निरोप दोनदा वाचला. खाज, लघवीच्या वेळी आग, दह्याच्या गुठळ्यांसारखा पांढरा स्राव, आणि शेवटी तू विचारलंस, ‘मावशी, मी रोज दोनदा साबणाने धुते, तरी असं का?’ त्या साबणापासूनच सुरुवात करते.

निरोगी योनिमार्गात दही विरजणाऱ्या जिवाणूंच्याच कुळातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू राहतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला सामू साधारण ३.८ ते ४.५ ठेवतात. कॅन्डिडा नावाची बुरशी अनेक निरोगी बायकांच्या अंगात थोडी असतेच, पण हा तोल टिकला तर ती त्रास देत नाही. साबण, डेटॉल, सुगंधी इंटिमेट वॉश, आत पाण्याचा फवारा मारणं, यांनी नेमका हा तोल ढळतो, आणि नाजूक त्वचा कोरडी पडून खाज आणखी वाढते. योनिमार्ग स्वतःची स्वच्छता स्वतः करतो. बाहेरून साध्या पाण्याने धुतलंस की पुरे.

दुसरं कारणही तुझ्या निरोपातच आहे. गेल्या महिन्यात दाढेसाठी अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्यास ना? त्या रोगजंतूंबरोबर हे चांगले जिवाणूही मारतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. गरोदरपण, स्टिरॉइड, काही गर्भनिरोधक गोळ्या आणि वाढलेली साखर यांनीही ती फोफावते. पावसाळ्यापासून तुला हा दुसऱ्यांदा त्रास होतोय आणि आईला मधुमेह आहे, म्हणून उपाशीपोटी साखर तपासून घेच. आईलाही सांग, डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे त्या घेणाऱ्या बायकांना हा संसर्ग जास्त होतो. गोळी मनाने बंद करायची नाही, त्रास झाला तर डॉक्टरांना सांगायचं.

घरात कुणी संशयाने पाहील ही भीती मनातून काढून टाक. हा संसर्ग गुप्तरोगांपैकी नाही. लग्न न झालेल्या मुलींनाही होतो. साधारण चारातल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी होतोच.

मेडिकलवाल्याकडून आणलेलं ते खाजेचं मलम मात्र आजच बंद कर. अशा अनेक मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस खाज थांबते, पण त्वचा पातळ होते आणि बुरशी आतल्या आत वाढत राहते. शिवाय प्रत्येक पांढरं जाणं म्हणजे बुरशी नव्हे. पातळ, राखाडी आणि माशासारखा वास येणारा स्राव जिवाणूंमुळे होतो. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीच्या संसर्गाचा असू शकतो. हा संसर्ग लैंगिक संबंधातून पसरतो आणि त्यात जोडीदारालाही औषध लागतं. तिन्हींची औषधं वेगळी, म्हणून तपासणी हवी. पाळीच्या मधल्या दिवसांत येणारा पारदर्शक, तारेसारखा स्राव तर आजारच नाही. पांढरं गेल्याने हाडं झिजतात, हेही खरं नाही.

बुरशीच असेल तर उपचार सोपा आहे. क्लोट्रिमाझोलची योनीत ठेवायची गोळी किंवा फ्लुकोनाझोलची तोंडाने घ्यायची गोळी डॉक्टर देतील. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर आधी सांग, कारण गरोदरपणात तोंडाने घ्यायची गोळी टाळतात. बरं वाटलं म्हणून औषध अर्ध्यावर सोडू नकोस. दही खा, पण आत लावू नकोस. वर्षात तीनदा किंवा जास्त वेळा त्रास झाला, तर काही महिन्यांचा वेगळा उपचार लागतो.

सवयींचं थोडक्यात सांगते. सुती अंतर्वस्त्रं घाल आणि रात्री सैल कपडे. पावसात भिजून ऑफिसला पोचलीस तर ओले कपडे लगेच बदल. घट्ट सिंथेटिक लेगिंग दिवसभर नको. पाळीत पॅड वेळेवर बदल. आणि अंतर्वस्त्रं परकराखाली लपवून वाळत घालायची आपल्या घरांतली पद्धत सोड. ती उघड्यावर वाळू दे. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरव, दमट घालू नकोस.

आता तपासणीबद्दल. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आढळला आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के.  तुझ्या घराजवळ दवाखाना आहे, तरी तू दोन महिने अंगावर काढलंस, याचं मला फार वाईट वाटतं. शिकलेल्या मुलीही लाजेपायी तपासणी टाळतात, आणि ही लाज मोडायची तर सुरुवात आपल्या घरातून व्हायला हवी.

याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. ताप, ओटीपोटात दुखणं किंवा फोड दिसले तर त्याच दिवशी जा. तिथे सगळं स्पष्ट शब्दांत सांग. आणि ऑफिसातली एखादी मैत्रीण हेच दुखणं लपवत असेल, तर तिलाही तपासायला घेऊन जा.

तुझी,
मावशी