दोन डोळ्यांचं जमत नाही

"ऑपरेशन झालं ना? मग आता चांगलं दिसत असेल!" हॉस्टेलवर परतल्यापासून पब्लिकचा हा एकच प्रश्न. दिसतं रे बाबांनो! पण कसं, ते एकदाच लिहून टाकतो, म्हणजे मेसच्या रांगेत सांगत बसायला नको.

माझा नंबर मायनस नऊ. असा डोळा लांबट असतो, आतला पडदा ताणून पातळ होतो. उजव्या पडद्याला भोक पडलं, मागे पाणी शिरलं आणि पावसात कुडाचं लिंपण सुटावं तसा पडदा सुटला. आधी काजवे चमकले, मग एका बाजूने अंधार. ऑपरेशनमध्ये डोळ्यातली जेली काढली (ही पद्धत मॅकेमर यांनी १९७० च्या सुमारास आणली), लेझर मारला, पडदा दाबून धरायला गॅस भरला. मग कित्येक दिवस मान खाली! गॅस डोळ्यात वर तरंगतो, पण पडद्यावर चित्र उलटं पडतं, म्हणून मला तो खाली दिसे. स्पिरिट लेव्हलसारखी हलती रेघ, रोज थोडी उतरणारी.

ती जाईपर्यंत साखरशेतला जायला बंदी. जव्हारची उंची सुमारे ४५० मीटर. घाट चढताना हवेचा दाब घटतो, गॅस फुगतो, डोळ्यावर ताण येतो. बॉइलचा नियम असा भेटेल असं वाटलं नव्हतं. मनोरला मावशीकडे राहिलो. बा रोज फोन करी, "रेघ कुठवर आली?"

आता खरी गंमत. डावा डोळा झाकला तर दाराची चौकट मधेच वाकते, अक्षरं बारीक होतात. पडदा चिकटला, पण मधल्या पेशी जुन्या जागी तंतोतंत बसल्या नाहीत. उजवा झाकला तर सगळं ठाकठीक. दोन्ही उघडे ठेवले की पंचाईत! मेंदूला दोन मापांची चित्रं जुळवता येत नाहीत. चहा कपाबाहेर, पाय पायरीच्या अलीकडे. चष्म्याने नंबर जातो, वाक जात नाही. डॉक्टरांच्या तक्त्यावर मी पास, मिनी ड्राफ्टरवर नापास.

टायगर पतौडींच्या उजव्या डोळ्यात १९६१ च्या अपघातात काच गेली. नंतर लेन्स लावून खेळताना त्यांना दोन चेंडू दिसले, म्हणून ते टोपी त्या डोळ्यावर ओढून खेळू लागले. मी ड्रॉइंगच्या तासाला उजव्या काचेवर धुरकट चिकटपट्टी लावतो. शीट वेळेत होते.

डावा डोळाही तसाच लांबट, म्हणून त्याची तपासणी चालू असते. त्या आठवड्यात रूमवर कुणी माझ्याशी भांडत नाही.

गावी मात्र पट्टी काढतो. बांधावरून चालताना उजवी बाजू दिसावी लागते. शिंगं थोडी वाकडी दिसली तरी बैल येतोय हे कळतं.